‘फक्त प्रमाणित एसक्यूएल’ ही ओळ नियमावलीतून काढा: नाशिकच्या टेक लीड मंडळींना खुलं पत्र

प्रति,
नाशिकमधल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे टेक लीड, आर्किटेक्ट आणि कोडिंगचे नियम ठरवणारी सगळी मंडळी,

स.न.वि.वि.

वीस-बावीस वर्षं मी या शहरात डेटाबेसचं काम करतो आहे. पतसंस्था, कांद्याचे व्यापारी, द्राक्ष निर्यातदार, शीतगृहं, अंबड-सातपूरचे दोन-तीन कारखाने, असं हातून बरंच गेलं. एवढ्या काळात जवळपास प्रत्येक कंपनीच्या नियमावलीत मला एक ओळ भेटली. शब्द थोडे बदलतात, आशय तोच: ‘फक्त प्रमाणित एसक्यूएल वापरावं, कोणत्याही एका डेटाबेसची खास सोय वापरू नये.’ (एसक्यूएल म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, आणि प्रमाणित म्हणजे तिच्या सर्वमान्य, लिखित नियमांत बसणारं.) ही ओळ काढून टाका, अशी विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. तिच्या जागी काय असावं तेही खाली सांगतो.

त्या ओळीमागची भीती मला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. आपल्यातल्या जुन्या मंडळींनी फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचे दिवस पाहिलेत. मी कामाला लागलो तेव्हा ज्या पतसंस्थेत जावं तिथे फॉक्सप्रो. मायक्रोसॉफ्टने २००४ मधल्या नवव्या आवृत्तीनंतर पुढची आवृत्ती काढलीच नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही काढून घेतला. काउंटरवरचा सगळा व्यवहार तोवर त्यात रुतून बसलेला. ज्याने हे एकदा सोसलं तो म्हणणारच, की आता पुन्हा एकाशीच गाठ मारून घ्यायची नाही. पण या भीतीपोटी आपण जो नियम केला त्याने काय होतं, ते मी एका हंगामात जवळून पाहिलं.

पिंपळगावच्या बाजूचं एक शीतगृह. फेब्रुवारी, द्राक्षाची काढणी भरात. चेंबर कोणाला, कधीपासून कधीपर्यंत दिलं याची नोंद आमच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायची. नियम सरळ होता: एका चेंबरमध्ये एका वेळी एकाच बागायतदाराचा माल. मी तो थेट टेबलवरच लावला होता. पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसमध्ये ‘एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट’ नावाचं बंधन मिळतं. चेंबर तेच आणि मुदत एकमेकींवर चढत असेल तर डेटाबेस दुसरी नोंद घेतच नाही. चार ओळींचं काम. कोडच्या तपासणीत शेरा आला, ‘हे फक्त पोस्टग्रेसमध्ये आहे, काढा, कोडमध्ये तपासा.’ काढलं. आता कोड आधी विचारायचा, चेंबर रिकामं आहे का, आणि हो म्हटलं की नोंद करायचा.

एका संध्याकाळी फाटकावरच्या मुलाने आणि आत फोनवर बुकिंग घेणाऱ्या माणसाने एकाच क्षणी बटण दाबलं. दोघांनाही ‘रिकामं’ असं उत्तर आलं, दोघांचीही नोंद झाली. रात्री अकराच्या सुमारास दोन पिकअप एकाच चेंबरसमोर उभ्या, आणि दोन्ही बागायतदारांच्या हातात आमच्याच सॉफ्टवेअरची पावती. एकाचा माल आत गेला. दुसरं चेंबर रिकामं होईपर्यंत दुसऱ्याची गाडी शेडखाली थांबली. तो दर थोड्या वेळाने ताडपत्रीचं टोक उचलून आत हात घालायचा आणि मण्यांना स्पर्श करून बघायचा. काढलेलं द्राक्ष गाडीत थांबलं की प्रत्येक तासाला देठ सुकत जातो. आमच्यावर तो ओरडला नाही. मला ते जास्त लागलं.

कुणी म्हणेल, टेबलातल्या चेंबरच्या ओळीला आधी कुलूप लावून, म्हणजे आपलं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवून, मग तपासायचं होतं. तेही चाललं असतं. पण ते कुलूप प्रत्येक प्रोग्रॅमरने, प्रत्येक वेळी आठवणीने लावायला हवं. पुढे मोबाइल ॲप येतं, एक्सेलमधून नोंदी आत घ्यायची सोय येते, हंगामापुरता आलेला नवा मुलगा रात्री थेट टेबलात दुरुस्ती करतो. टेबलवर लावलेलं बंधन मात्र या सगळ्यांना आपोआप लागू पडतं.

ही सोय पोस्टग्रेसमध्ये २०१० मध्ये, ९.० या आवृत्तीत आली. पुढच्याच वर्षी एसक्यूएल:२०११ या प्रमाणात याच कल्पनेला जागा मिळाली; मुदती एकमेकींवर चढू नयेत यासाठी ‘विदाउट ओव्हरलॅप्स’ अशी रचना त्यात आली. आणि ती प्रमाणित रचना पोस्टग्रेसमध्ये कधी उतरली? सप्टेंबर २०२५ मध्ये, आवृत्ती १८ बरोबर. ‘प्रमाणित तेवढंच वापरा’ हा नियम आम्ही पोस्टग्रेसवर राहून अक्षरशः पाळला असता, तर एक साधं बंधन लावायला पंधरा वर्षं थांबावं लागलं असतं. एसक्यूएलचा सगळा इतिहास असाच आहे. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणारा कॉडचा निबंध १९७० चा, चेंबरलिन आणि बॉइस यांची ‘सीक्वेल’ भाषा (एसक्यूएलचं पहिलं रूप) १९७४ ची, ऑरॅकलने विकायला आणलेला डेटाबेस १९७९ चा, आणि अमेरिकेतलं पहिलं प्रमाण १९८६ चं. आधी कुणीतरी सोय करतं, लोक वापरतात, मग ती प्रमाणात येते. पहिल्या काही ओळीच मागवायच्या असल्या तर कुणाकडे ‘लिमिट’, कुणाकडे ‘टॉप’, कुणाकडे ‘रोनम’ होतं. २००८ मध्ये प्रमाणाने ‘फेच फर्स्ट’ दिलं. तोवर कुणी थांबलं नव्हतं, आणि थांबायला नकोच होतं.

नियमावलीतल्या त्या ओळीत आणखी एक गृहीतक दडलेलं आहे: प्रमाणित लिहिलं की ते सगळीकडे सारखं वागेल. असं होत नाही. ‘चेक’ कन्स्ट्रेंट अगदी जुना, प्रमाणित. मायएसक्यूएल हा दुसरा खुला डेटाबेस तो वाचायचा, चूक दाखवायचा नाही आणि गुपचूप सोडून द्यायचा. रक्कम शून्यापेक्षा मोठी हवी असं तुम्ही लिहिलेलं असायचं आणि उणे रक्कम निवांत आत जायची. एप्रिल २०१९ मधल्या ८.०.१६ पासून तो खरोखर लागू व्हायला लागला. दोन मजकूर जोडायच्या दोन उभ्या रेघा प्रमाणित आहेत. मायएसक्यूएलमध्ये मूळ मांडणीत त्यांचा अर्थ ‘किंवा’. व्यवहारांच्या अलगपणाच्या पातळ्या (एकाच वेळी चाललेल्या व्यवहारांना एकमेकांचे बदल किती दिसावेत) १९९२ च्या प्रमाणात आहेत, पण काही न सांगता पोस्टग्रेस ‘रीड कमिटेड’ धरतो आणि मायएसक्यूएलमधला इनोडीबी ‘रिपीटेबल रीड’. तोच कोड, तीच क्वेरी, आणि गर्दीच्या वेळी हिशोब वेगळा.

अमेरिकेची एनआयएसटी ही सरकारी संस्था पूर्वी डेटाबेस प्रमाणाला धरून आहेत की नाही हे तपासून द्यायची. १९९६ नंतर ते थांबलं. तेव्हापासून जो तो आपापलं सांगतो. पोस्टग्रेस स्वतःच्या दस्तऐवजात लिहितो की एसक्यूएल:२०२३ च्या गाभ्यातल्या १७७ अनिवार्य गोष्टींपैकी किमान १७० आमच्याकडे आहेत. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

आणि ज्या कंपन्या ‘आमचं सॉफ्टवेअर कोणत्याही डेटाबेसवर चालतं’ असं सांगतात, त्यांना मी एवढंच विचारतो: शेवटचं कधी चालवून पाहिलंत? बहुतेक ठिकाणी चाचण्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर होतात आणि ग्राहकाकडे दुसराच डेटाबेस असतो. एसक्यूलाइटमध्ये आकड्यांच्या कॉलममध्ये मजकूर घातला तरी साध्या टेबलात तो मुकाट्याने राहतो. चाचणी हिरवी, ग्राहकाकडे बिघाड.

मराठीचा एक अनुभव सांगतो, कारण तो आपल्याच मंडळींना कळेल. एका संस्थेच्या निवडणुकीसाठी सभासदांची यादी भिंतीवर लावली होती. काळे आडनावाचे एक आजोबा ‘कासार’च्या खाली बोट फिरवत होते. शाळेत शिकलेलं, श ष स ह, मग ळ. त्यांचं बरोबर होतं. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं खुलं प्रमाण म्हणजे युनिकोड; त्याच्या क्रमांकांत मात्र ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी येतो. म्हणून यादीत काळे हे कावळ्यांच्याही वर जाऊन बसले होते. आजोबा वळून म्हणाले, ‘माझं नाव कापलं का रे?’ क्षीरसागर मंडळींचीही तीच गत. त्यांना क च्या शेपटाला टाकलं होतं.

यावर उपाय आहे. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या ग्रंथालयाचे (लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) वर्णक्रम वापरता येतात. त्यातल्या मराठी क्रमात ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. कॉलमला तो क्रम लावला की संपलं. (लावाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा: या ग्रंथालयांची आवृत्ती बदलली की क्रमही बदलू शकतो आणि इंडेक्स, म्हणजे पटकन शोधण्यासाठी ठेवलेल्या सूची, नव्याने बांधावे लागतात. २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी या ग्रंथालयाच्या २.२८ आवृत्तीने क्रम बदलला तेव्हा अनेकांचे इंडेक्स बिघडले.) आम्हाला तो लावू दिला नव्हता, कारण ‘फक्त पोस्टग्रेस’. मग काय केलं, तर सगळे सभासद मेमरीत आणून कोडमध्ये क्रम लावायचा आणि त्यातले पंचवीस पडद्यावर दाखवायचे. सभासद वाढले तशी काउंटरवरची मुलगी प्रत्येक पान उलटताना ताटकळायला लागली. क्रम सांगणारा ‘कोलेट’ हा शब्द १९९२ पासून प्रमाणात आहे. पण क्रमाचं नाव काय आणि तो वागतो कसा, हे ज्याचं त्याचं. मराठी नीट लावायची तर कुणाची तरी खास सोय वापरावीच लागते.

आता दुसरी बाजू, कारण खास सोयींनी पोळलेला मीही आहे.

एका पतसंस्थेचा कारभार एका महागड्या डेटाबेसवर होता. ठेवींचं व्याज, मुदतीआधी मोडलेल्या ठेवीची कपात, लाभांश, सगळं त्या डेटाबेसच्या स्वतःच्या भाषेत स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसातच ठेवलेले प्रोग्रॅम) करून ठेवलेलं. परवान्याचा खर्च झेपेना म्हणून संचालक मंडळाने बदलायचं ठरवलं आणि आम्ही ते काम घेतलं. प्रोसिजर पुन्हा लिहिताना हात दुखले. पण त्या समोर दिसत होत्या, मोजता येत होत्या. प्रत्येक ठेवीचं व्याज जुन्या आणि नव्या दोन्हीकडून काढून ताडून पाहता आलं. त्यात फारसं चुकलं नाही.

चुकलं ते वेगळ्याच जागी. पहिल्या सकाळी पावत्या छापायला लागल्या आणि काहींवर नावाची जागा कोरी. एक मावशी पावती परत देत म्हणाल्या, ‘पैसे माझे, नाव कुठंय?’ शोधलं तेव्हा कळलं. ज्यांच्या वडिलांचं किंवा पतीचं नाव नोंदलेलं नव्हतं, त्यांचं मधलं नाव ‘नल’, म्हणजे ‘माहितीच नाही’ अशी खूण, होतं. जुन्या डेटाबेसात मजकुराला नल जोडला तरी बाकीचं नाव शाबूत राहायचं. प्रमाणाप्रमाणे मजकुराला नल जोडला की सगळंच नल. म्हणून अख्खं नाव गायब.

हे निदान डोळ्यांना दिसलं. दुसरं दिसलंच नाही. जुन्या डेटाबेसात रिकामा मजकूर आणि नल एकच मानले जायचे, नव्यात ते वेगळे. वारसाचा रकाना मोकळा सोडला की आता तिथे रिकामा मजकूर जायचा. ‘वारसनोंद नसलेले सभासद’ ही यादी नल शोधून काढलेली. बदलानंतर आलेले सभासद त्या यादीत येईनात. व्यवस्थापकांना वाटलं, लोक आता वारस नोंदवायला लागले. वार्षिक सभेच्या आधी एका लिपिकाने कागदी अर्ज आणि यादी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा उघड झालं.

या दोन्ही चुकांतलं एसक्यूएल प्रमाणित होतं. दोन उभ्या रेघा प्रमाणित, ‘इज नल’ प्रमाणित. तुमच्या नियमावलीने तपासलं असतं तर एकही शेरा आला नसता. चेंबरवरचं ते बंधन, जे चार ओळींत लिहिलेलं होतं आणि फाइलमध्ये शोधून सापडलं असतं, त्याला नियमाने पकडलं. डेटाबेसची सवय नकळत अंगवळणी पडली, तिथे नियम आंधळा ठरला. त्रास देतं ते असं न लिहिलेलं, कुणालाच माहीत नसलेलं अवलंबन.

सगळ्यात वाईट अडकणूक तर याहून जुनी होती, आणि तिचा एसक्यूएलशी काडीचा संबंध नव्हता. त्याच संस्थेची पहिल्या काळातली नावं एका खासगी फॉन्टच्या सांकेतिकीत साठवलेली होती. तो फॉन्ट लावला की मराठी दिसायचं, काढला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. खरं तर तेव्हा खुलं प्रमाण हाताशी होतं. इस्की हे भारतीय लिप्या संगणकात साठवायचं भारतीय प्रमाण होतं, त्याची १९९१ ची आवृत्ती भारतीय मानक म्हणून छापलेली होती. आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमधला देवनागरीचा भाग १९८८ च्या इस्कीवरच बेतलेला आहे. ते वापरलं असतं तर काहीच करावं लागलं नसतं. आम्ही रूपांतराचा प्रोग्रॅम लिहिला, तरी रफार आणि जोडाक्षरं चुकतच राहिली. ‘त्र्यंबक’ हे नाव आम्हाला किती प्रकारांनी मोडलेलं सापडलं ते मी विसरणार नाही. शेवटी दोन मुली महिनाभर जुन्या खतावण्या शेजारी ठेवून एकेक नाव डोळ्यांनी तपासत बसल्या.

म्हणून माझी मागणी अशी. गावात कसं वागायचं आणि वेशीवर कसं, हे वेगळं ठेवा. वेशीवर, म्हणजे डेटा जिथून आत येतो, बाहेर जातो आणि ज्या रूपात पडून राहतो तिथे, खुल्या प्रमाणांबाबत तसूभरही सवलत देऊ नका. मजकूर युनिकोडमध्ये, तारखा आयएसओ ८६०१ प्रमाणे (आधी वर्ष, मग महिना, मग दिवस), पैसे अचूक दशांशात, आणि प्रत्येक टेबलाचा, प्रत्येक कॉलमचा अर्थ मराठीत लिहिलेला. रिकामा रकाना म्हणजे नल की रिकामा मजकूर, हेही तिथेच लिहा. वेशीच्या आत मात्र डेटाचा खरेपणा राखायला डेटाबेसकडे जी उत्तम सोय असेल ती बिनदिक्कत वापरा, मग ती कुणाचीही असो. संचालक मंडळाच्या एका ठरावाने बदलणारे हिशोब, म्हणजे व्याज, कपात, दर, यांच्यासाठी मी डेटाबेसची खास भाषा टाळतो. ते कोडमध्ये बरे. नियम बदलतात, ते बदलणारी माणसंही बदलतात, आणि ती भाषा जाणणारा माणूस नाशिकात दरवेळी मिळत नाही.

‘व्हेंडर’, म्हणजे डेटाबेस विकणारी कंपनी, हा शब्दही नीट वापरूया. बर्कलीत १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून आलेला पोस्टग्रेस कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. मायएसक्यूएल २००८ मध्ये सन या कंपनीकडे आणि २०१० मध्ये त्या कंपनीबरोबर ऑरॅकलकडे गेला, पण कोड खुला होता म्हणून २००९ मध्येच मारियाडीबी वेगळा निघू शकला. एखाद्या डेटाबेसच्या वाक्यरचनेशी बांधलं जाणं आणि एखाद्या कंपनीच्या परवान्याशी बांधलं जाणं, यांचं वजन सारखं नाही. पहिल्यातून बाहेर पडायला तुमची मेहनत लागते. दुसऱ्यात दर वर्षी कुणीतरी दुसरा किंमत ठरवतो.

प्रत्येक प्रकल्पाच्या कोडसोबत एक साधी फाइल ठेवा. आम्ही तिला ‘वही’ म्हणतो. एखादी खास सोय वापरली की त्यात तीन-चार ओळी: काय वापरलं, कशासाठी, ती नसेल तर काय करावं लागेल, किती दिवस लागतील. हे लिहायला बसलं की निम्म्या वेळा लक्षात येतं की सोय नकोच होती. तेवढ्यासाठीही ती वही ठेवण्यासारखी आहे.

आणि वर्षातून एकदा, मार्चअखेरची घाई सरली की, ग्राहकाचा सगळा डेटा बाहेर काढून दुसऱ्याच डेटाबेसात भरून पाहा. सॉफ्टवेअर चालवायची गरज नाही. ओळी जुळतात का, रकमांच्या बेरजा पैशापर्यंत जुळतात का, दहा नावं नीट वाचता येतात का, एवढंच. पहिल्या वर्षी आम्हाला तीन दिवस लागले, आता एक दुपार पुरते. नल आणि रिकाम्या मजकुराचा घोळ अशा एका दुपारीच सापडला असता.

टेंडरमध्ये ‘सॉफ्टवेअर डेटाबेस-निरपेक्ष असावं’ अशी अट आली की आपण सगळे डोळे मिटून ‘होय’ लिहितो. पुढच्या वेळी समोरच्या संचालकांना नीट सांगा. त्यांना हवं आहे ते एवढंच, की उद्या तुमच्याशी पटलं नाही तर त्यांच्या सभासदांच्या नोंदी, वाचता येतील अशा रूपात, ठरल्या दिवसांत हातात पडाव्यात. ती अट करारात तुम्ही स्वतःहून घाला. ती पाळणं तुमच्या हातात आहे.

आमच्या वहीत आज एकोणीस नोंदी आहेत. पहिली त्या शीतगृहाच्या चेंबरची. हंगाम संपायच्या आतच बंधन टेबलवर परत लावलं. त्यापुढे ‘पर्याय: प्रत्येक नोंदीआधी चेंबरच्या ओळीला कुलूप, अंदाजे चार दिवस’ असं लिहिलेलं आहे. आवृत्ती १८ आल्यावर त्याच नोंदीखाली एक नवी ओळ घातली, की आता हे प्रमाणित रचनेतही लिहिता येईल. कोणाला वही पाहायची असेल, आपल्या कंपनीसाठी तिचा नमुना हवा असेल, तर जरूर मागा. दुसऱ्या डेटाबेसात डेटा भरून पाहायची पहिली दुपार तुमच्यासोबत बसायलाही मी तयार आहे.

आपला,
नाशिकमधला एक डेटाबेसवाला